जुनी कॅराव्हॅन घेतली त्याच्या नोंदी, कॉव्हेंट्री (इंग्लंड), फेब्रुवारी २०२३ ते मार्च २०२४

११ फेब्रुवारी २०२३

कॅराव्हॅन (गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर) घ्यायची घ्यायची हे घरात दोन वर्षं चाललंय, आज पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसले. ओळखीतल्या एका कुटुंबाने आधी कॅराव्हॅन घेतली आणि मग त्यांना कळलं की आपली गाडी ती ओढूच शकत नाही, शेवटी गाडी पण बदलावी लागली. म्हणून आम्ही आधी गाडीचे कागद काढले. आमच्या डिझेल इस्टेटचं (मागे मोठी डिकी असलेली कार) कर्ब वेट, म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन, १५६० किलो. कंपनीने दिलेली ओढायची मर्यादा १८०० आहे, पण त्या आकड्यावर जायचं नाही, इथे नवख्यांना सगळे एकच सांगतात की भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. म्हणजे आमचे झाले १३२६ किलो. हा कायदा नाही, सल्ला आहे, पण पहिली दोन वर्षं तरी तो कायदा समजूनच चालायचं असं आम्ही ठरवलं.

लायसन्सचं पण बघून घेतलं. १९९७ नंतर टेस्ट पास झालेल्यांना मोठं ट्रेलर ओढायला पूर्वी वेगळी टेस्ट द्यावी लागायची, १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली, आता साध्या कार लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचं ट्रेलर चालतं. आमचं दोघांचंही काम झालं.

बजेट सगळं धरून ५००० पौंड. (नंतरची भर: पुरलं नाही. आकडे पुढे त्या त्या जागी लिहिलेत.)

४ मार्च

तीन बघितल्या. पहिलीत दार उघडताच एअर फ्रेशनरचा असा भपकारा आला की नवरा म्हणाला चल निघू या, तरी मी थांबले आणि बेडखालचा लॉकर उघडून कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय बिस्किटासारखं आत गेलं. वरून नवीन वॉलपेपर चिकटवला होता. आतून छान दिसणारी कॅराव्हॅन बघताना आधी लॉकर उघडायचे, गाद्या उचलायच्या, कोपरे दाबायचे, मग पडदे आणि टीव्ही. २५ पौंडांचं ओल मोजायचं मीटर आधीच मागवून ठेवलं होतं, आत्तापर्यंतची सगळ्यात चांगली खरेदी तीच. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, २० च्या वर गेलं की काळजी, ३० च्या वर म्हणजे आतलं लाकूड जायला लागलंय असं समजायचं.

तिसरी घेतली. २००९ ची, चार जणांची, एका ॲक्सलची, एका वयस्कर जोडप्याची. ४५०० सांगत होते, ३९५० ला दिली. सगळीकडे मीटर १२-१४ दाखवत होतं, फक्त पुढच्या डाव्या कोपऱ्यात खिडकीखाली २७. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं की तिथे थोडी ओल आहे, लपवलं नाही, म्हणून विश्वास बसला. प्लेटवर लिहिलंय: भरलेलं कमाल वजन १३००, रिकामं ११४५. म्हणजे आपलं सामान फक्त १५५ किलो. तेव्हा हा आकडा पुष्कळ वाटला.

कॅराव्हॅनला इथे एमओटी (गाड्यांची दरवर्षीची सक्तीची तपासणी) नाही, रोड टॅक्स नाही, गाडीसारखं मालकीचं सरकारी कागदपत्रही नाही, त्यामुळे चोरीची गळ्यात पडू शकते. १९९२ पासूनच्या ब्रिटिश बनावटीच्या कॅराव्हॅन क्रिस नावाच्या नोंदवहीत असतात, चासीवरचा आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला १७ आकडी नंबर जुळवून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी तिथून चेक करा.

१८ मार्च

टोबार (गाडीच्या मागे कॅराव्हॅन जोडायचा दांडा) बसवून आणला, १३ पिनच्या वायरिंगसकट ५४० पौंड. घरी आल्यावर विकणाऱ्या काकांना फोन केला की आम्ही न्यायला येतोय, ते म्हणाले टोबॉल (टोबारवरचा गोळा) लांब मानेचा आहे ना? आम्हाला माहीतच नव्हतं. या कॅराव्हॅनच्या हिचमध्ये (बॉलवर बसणारा तिचा पुढचा जोड) फ्रिक्शन पॅडवालं, कॅराव्हॅनला डुलू न देणारं स्टॅबिलायझर आहे, त्याला लांब मानेचा बॉल लागतो, साध्या बॉलवर वळताना हिच टोबारला घासतो. परत ३५ पौंड आणि एक शनिवार गेला. टोबारवाल्याकडे जाताना कॅराव्हॅनच्या हिचचा फोटो घेऊन जा, आम्ही तेवढं केलं असतं तर हा फेरा वाचला असता.

२५ मार्च

टायर. नक्षी नव्यासारखी, मी खूश होते. मेकॅनिकने बाजूवरचे चार आकडे दाखवले: १४१३, म्हणजे २०१३ सालचा १४ वा आठवडा. दहा वर्षांचे टायर. कॅराव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात, साईडवॉलला बारीक भेगा पडतात आणि मोटरवेवर फुटतात. पाच वर्षांनी बदलायचे, सातच्या पुढे तर न्यायचेच नाहीत. दोन टायर १५६ पौंड, सर्व्हिस (ब्रेक, बेअरिंग, गॅसची तपासणी) २३० पौंड.

चाकांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) आवळायचे आणि पहिल्या ३० मैलांनंतर परत तपासायचे. आम्ही स्टोरेजपर्यंत (कॅराव्हॅन ठेवायची भाड्याची जागा) आणून तपासले तर एक नट पाऊण फेरा फिरला. हे लिहितानासुद्धा पोटात गोळा येतो.

स्टोरेज महिन्याला ४५ पौंड. आमच्या वसाहतीत घराच्या खरेदीखतातच लिहिलंय की ड्राइव्हवर कॅराव्हॅन उभी करायची नाही, तुमचं पण बघून घ्या.

१ ते १० एप्रिल, ओल

आठवड्याभराची सुट्टी यातच गेली. काकांनी दरवर्षी कोपऱ्यावर बाहेरून सिलिकॉन फासलं होतं, ते आधी काढायला पाच तास लागले. सिलिकॉन लावूच नका, वरून बंद दिसतं पण पाणी मागून शिरतच राहतं आणि त्याच्यावर दुसरं काही चिकटत पण नाही.

पाणी नेमकं कुठून येतं ते शोधायला नवऱ्याने बाहेरून पाईपने खालून वर हळूहळू पाणी मारलं आणि मी आत टॉर्च घेऊन लॉकरमध्ये डोकं घालून बसले. खिडकीच्या उंचीपर्यंत काही नाही, वर अॅल्युमिनियमच्या पट्टीच्या सांध्यावर पाणी गेलं आणि साधारण चार मिनिटांनी आतल्या कोपऱ्यात एक थेंब चमकला, मग तो प्लायच्या कडेकडेने खाली ओघळला आणि बरोबर मीटरने २७ दाखवलेल्या जागी येऊन थांबला. ओल खिडकीखाली आणि भोक तिच्या दोन फूट वर. आम्ही खिडकीचं रबर बदलणार होतो, सगळे पैसे वाया गेले असते.

मग पट्टीचे स्क्रू काढले. २२ पैकी ९ गंजलेले, ३ डोकं तुटून आतच राहिले, ते ड्रिल करून काढले. पट्टीखालचं मूळचं सीलंट वाळून चिक्कीसारखं तुकडे तुकडे होत होतं. प्लास्टिकच्या पट्टीने खरवडलं (लोखंडी पट्टीने पत्र्यावर ओरखडा जातो, एक गेलाच), व्हाइट स्पिरिटने पुसलं. आतून सुजलेला प्लायचा तुकडा कापून काढला आणि बरेच दिवस आत डिह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) लावून ठेवला, मित्राकडून आणलेला. घाई करून ओलं असतानाच बंद केलं तर ती ओल आत कोंडून लाकूड कुजवते, त्यामुळे एप्रिलमधली पहिली ट्रिप रद्द केली. मुलं नाराज झाली पण इलाज नव्हता.

बसवताना ब्युटाइल टेप, जी कधी कडक होत नाही, आणि सगळे स्क्रू स्टेनलेसचे. स्क्रू एका दमात आवळायचे नाहीत, टेप दबून बाहेर येते तसे परत दुसऱ्या दिवशी आवळायचे आणि बाहेर आलेली टेप कापायची. सामान ६२ पौंड. डीलरने याच कामाचे ६५० सांगितले होते. शेवटी मीटर १६.

१६ एप्रिल

रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये रिव्हर्स शिकलो. दोन तास. कुणाकडून शिकू नका, स्वतः करा, फक्त एक युक्ती: हात स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला धरायचा आणि कॅराव्हॅनचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात न्यायचा. थोडंच वळवायचं, लगेच सरळ करायचं. आरशात एका बाजूला कॅराव्हॅन जास्त दिसायला लागली की थांबून पुढे घ्यायची, हट्टाने मागे रेटलं की घडी होते आणि बंपर जातो.

२९ एप्रिल, पहिली ट्रिप, ॲशबर्नजवळ

नीट लिहिते, कारण याच दिवशी आम्ही थोडक्यात वाचलो.

निघायच्या आधीचं सगळं केलं होतं. जादा आरसे लावले (गाडीपेक्षा कॅराव्हॅन रुंद असेल तर सक्तीचे आहेत, नसतील तर १००० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर दंडाचे तीन पॉइंट), मागे गाडीच्याच नंबरची पिवळी पाटी, ब्रेकअवे केबल (कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक ओढणारी तार) टोबारच्या कडीत, दिवे तपासले. ए३८ रस्त्यावर लिचफिल्डच्या पुढे ताशी ५५ मैलांच्या स्पीडला होतो. कॅराव्हॅन ओढताना ड्युअल कॅरेजवेवर (मध्ये दुभाजक असलेला रस्ता) आणि मोटरवेवर मर्यादा ६०, साध्या रस्त्यावर ५०. शेजारून एक मोठा ट्रक गेला, आधी आम्ही त्याच्याकडे ओढल्यासारखे झालो आणि मग मागून कुणीतरी शेपूट धरून हलवावी तशी गाडी डावीकडे उजवीकडे व्हायला लागली. प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. नवऱ्याचा पाय ब्रेकवर जाणार होता, मी ओरडले ब्रेक नको, कारण तेवढं एक वाचलेलं होतं: ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टीअरिंग सरळ धरायचं, झोक्याच्या उलट वळवत बसायचं नाही. ४५ च्या खाली आल्यावर थांबलं. सगळं मिळून दहा सेकंद असतील. पुढच्या ले-बायमध्ये (रस्त्याकडेची थांबायची जागा) थांबलो, मागच्या सीटवर मुलगी रडत होती आणि सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या.

बाकी रस्ता ४० ने गेलो. ट्रिप छान झाली, डव्हडेलला दगडांवरून नदी ओलांडून आलो, पण माझं मन कशात नव्हतं, परतीचा रस्ता डोळ्यांसमोर होता.

१० मे, वजनकाटा

सार्वजनिक वजनकाट्यावर १८ पौंड देऊन कॅराव्हॅन वजन केली, ट्रिपला होती तशीच भरून. १३६२ किलो. मर्यादेपेक्षा ६२ जास्त. घरी येऊन एकेक वस्तू बाथरूमच्या काट्यावर ठेवली: मोटर मूव्हर (गाडीशिवाय कॅराव्हॅन हलवायची मोटर) ३२, बॅटरी २२, ऑनिंग (कॅराव्हॅनला बाहेरून जोडायचा तंबू) २४, गॅसची टाकी १५, खुर्च्या-टेबल २१, कपडे-अंथरुणं ३५, मुलांच्या सायकली मागच्या रॅकवर रॅकसकट ३०, आणि स्वयंपाकघर ३८. अडतीस किलो! दोन कुकर, लोखंडी तवा, स्टीलचे डबे, दहा किलो तांदूळ, पाच किलो कणीक. मूव्हर आणि बॅटरी सामानात धरायची असते हे आम्हाला माहीतच नव्हतं, १५५ मधले ५४ तिथेच गेले.

संध्याकाळी बाबांना फोन केला, ते कोरेगावकडे गावी असतात. त्यांना सगळं सांगितलं, सायकली मागे, स्वयंपाकघराचं लॉकर मागे. ते एका वाक्यात म्हणाले, ‘अगं, गाडी उलाळ भरलीत तुम्ही.’ लहानपणी उसाची बैलगाडी भरताना आजोबा हेच ओरडायचे, मागे ओझं जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही. कॅराव्हॅनचं पण अगदी तेच आहे. हिचने टोबॉल खाली दाबलाच पाहिजे, भरलेल्या वजनाच्या साधारण ५ ते ७ टक्के, म्हणजे आमचे ६५ ते ९१ किलो. वरची मर्यादा गाडीची आणि हिचची बघायची आणि दोन्हीतली कमी ती धरायची. आमच्या गाडीची ८०, हिचची १००, म्हणजे ८०. बाथरूमचा काटा आणि त्यावर हिचच्या उंचीचा लाकडाचा ठोकळा उभा करून मोजलं तर निघाले ३८.

आणि दुसरी चूक, ही माझी. टोबॉल गंजू नये म्हणून मी त्याला छान ग्रीस लावलं होतं. या प्रकारचा हिच बॉलला घट्ट पकडून घासतो म्हणूनच कॅराव्हॅन हलत नाही, ग्रीस लावल्यावर तो स्टॅबिलायझर नावापुरता उरला. बॉल स्वच्छ आणि कोरडा पाहिजे, नवीन असेल तर वरचा रंग पण घासून काढायचा. पॅड तेल प्यायलेले होते, नवीन घातले, ४८ पौंड.

आता सायकली घरी ठेवल्या (साईटवर भाड्याने मिळतात), खुर्च्या-टेबल गाडीच्या डिकीत, स्वयंपाकघर ३८ वरून १७ वर आणलं. एकच कुकर, तांदूळ जेवढे दिवस तेवढाच. ऑनिंग खाली, चाकांच्या बरोबर वर. परत मोजलं: १२९०, आणि हिचवर ७६.

२० मे

तोच रस्ता, मुद्दाम. शेजारून चार ट्रक गेले. नुसता हलका धक्का जाणवला, बस.

२२ जुलै, वेल्स, बाला तळ्याजवळ

आठ दिवस. शेतकऱ्याच्या शेतावरची छोटी साईट, कॅराव्हॅन क्लबच्या सर्टिफिकेटवर चालणारी, अशा ठिकाणी जास्तीत जास्त पाच कॅराव्हॅन असतात. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, मागे घेताना बघायला गर्दी नसते आणि शेतकरी स्वतः येऊन मदत करतात.

लाईट दोनदा गेली. तिथला सप्लाय १० अँपिअर, म्हणजे साधारण २३०० वॉट. आम्ही घरची ३ किलोवॉटची किटली नेलेली. कॅराव्हॅनसाठी १ किलोवॉटच्या आतली मिळते, ती घ्या. पाणी उशिरा उकळतं, पण उकळतं. लाईटची केबल पूर्ण उलगडून ठेवायची, रीळवर गुंडाळलेली ठेवली तर तापते, आमची हाताला चटका बसेल इतकी तापली होती.

आधी आडवी लेव्हल, एका चाकाखाली रॅम्प घालून, मग पुढच्या छोट्या जॉकी व्हीलने पुढे-मागे, मग कोपऱ्यांचे पाय. हे पाय फक्त टेकवायचे, त्यांनी कॅराव्हॅन उचलायची नाही, चासी वाकते. लेव्हल नसेल तर फ्रिज नीट गार होत नाही, आमचं दूध दुसऱ्या दिवशी नासलं ते त्यामुळेच.

फोडणी बाहेर. पहिल्या दिवशी आत मिरची तळली, धुराचा अलार्म वाजला आणि गाद्यांना चार दिवस वास. २५ पौंडांची एक कॅम्पिंग शेगडी घेतली, ऑनिंगच्याही बाहेर उघड्यावर ठेवतो.

२५ नोव्हेंबर, बेकवेलजवळ

थंडीतली पहिली ट्रिप. शुक्रवारी रात्री पोचलो तेव्हाच गारठा होता. सासूबाईंना जमिनीतून गार वारा येत होता, शेगडीखाली आणि लॉकरमध्ये तळाला जाळीची भोकं आहेत, त्यांनी ती टॉवेल आणि मोजे कोंबून बंद केली. आम्हाला सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही वाटलंही नसेल त्यांना, घरात फट असली की आपण बुजवतोच. मग ऊब यावी म्हणून मी दोन बर्नर तासभर चालू ठेवले. साडेनऊला मुलगा म्हणाला डोकं दुखतंय. मला पण जड वाटत होतं, प्रवासाचं असेल वाटलं. नवरा बाहेरून पाणी घेऊन आत आला आणि म्हणाला इथे हवाच नाही, आणि त्याने दार उघडून टाकलं. पंधरा मिनिटांत डोकं उतरलं.

भोकं नंतर सापडली. ती भोकं सोय नाहीत, जीव आहेत. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथून खाली निघून जातो, आणि जळताना लागणारी हवा पण या जाळ्यांतूनच येते. भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म होता, मला वाटलं तो वाजला असता ना, उलटा करून बघितला तर मागे छापलेलं, बदलण्याची तारीख २०१६. सात महिने आम्ही त्याच्या भरवशावर झोपत होतो. दुसऱ्या दिवशी २२ पौंडांचा नवीन. शेगडी ऊब घेण्यासाठी पेटवायची नाही, कधीच नाही, त्याला हीटर आहे. सासूबाईंना रात्रभर झोप नाही, ‘माझ्यामुळे पोरांना काही झालं असतं तर’ म्हणत होत्या. मी त्यांना म्हटलं आई, तुम्हाला आम्ही सांगायला पाहिजे होतं, चूक आमची. आता प्रत्येक जाळीशेजारी मराठीत लिहून चिकटवलंय: झाकू नका.

शनिवारी पहाटे गॅसच पेटेना. टाकी हलवली तर भरलेली. टाकी निळी, ब्युटेन, जी आम्हाला कॅराव्हॅनबरोबरच मिळाली होती आणि उन्हाळाभर छान चालली. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, टाकीत नुसतं द्रव पडून राहतं. हिवाळ्याला लाल टाकी, प्रोपेन, ते उणे ४० पर्यंत चालतं. रेग्युलेटर तोच राहिला, फक्त जोडणीची नळी बदलली, १२ पौंड. प्रोपेनचा आटा उलटा असतो, नेहमीसारखं फिरवत बसू नका, आम्ही अर्धा तास तेच केलं आणि पितळेचा आटा जवळजवळ खराब केला होता.

१० डिसेंबर

पाणी काढून टाकलं. हीटरचा निचरा उघडला, पंप चालवून रिकामा केला, टॉयलेटची टाकी धुतली, गाद्या घरी आणल्या, लॉकर उघडे ठेवले. बॅटरी घरी, महिन्यातून एकदा चार्ज.

२ मार्च २०२४

उघडली. कुबट वास नाही. पण स्वयंपाकघरातला नळ तडकलेला. डिसेंबरमध्ये नळ बंद ठेवले होते, आत राहिलेलं वाटीभर पाणी गोठून फुगलं आणि आतलं प्लास्टिक फुटलं. नळ उघडे ठेवायचे आणि एकच दांडी असेल तर गरम-गार दोन्हीच्या मध्ये. नवीन नळ ५५ पौंड, बसवायला दोन तास, कारण मागचा नट दिसत नाही, फक्त हाताला लागतो. नवऱ्याचा हात आत जाईना, शेवटी मुलीने छोट्या पान्याने सोडवला.

मग मीटर घेऊन सगळीकडे फिरले. पुढचा डावा कोपरा शेवटी ठेवला. १३. परत दोनदा लावून बघितलं, एकदा नवऱ्याला लावायला सांगितलं. १३ च. ईस्टरला स्नोडोनियाचं बुकिंग केलंय, मे महिन्यात बाबा येतायत, त्यांना ए३८ वरूनच नेणार आहोत.